सरकारी ऑफिस, आकडे आणि नवीन कल्पना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पंचायत समितीत सांख्यिकीचा विस्तार अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली, आता अधूनमधून ट्रेनिंग घेतो. ट्रेनिंग संपलं की चहाच्या वेळी आणि नंतर फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतोय. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढे पुढे अडचणीचे. घाई असेल त्यांनी ७ वाचा, बाकी नंतर.

१. डेटावर चालणारी कार्यसंस्कृती म्हणजे नक्की काय? आमच्याकडे तर रोज ढीगभर रिपोर्ट वर जातात, मग आमच्याकडे ती आहेच की!

रिपोर्ट जाणं वेगळं आणि आकडा वापरणं वेगळं. मी एकच गोष्ट विचारतो, मागच्या तीन महिन्यांत कुठलातरी आकडा बघून तुमच्या ऑफिसने काही बदललं का? म्हणजे कुठल्या गावाला आधी जायचं, कॅम्प कुठल्या वारी लावायचा, कुठलं प्रपत्र बंद करायचं, काहीही. असेल तर आहे तुमच्याकडे. नसेल तर तुमच्याकडे डेटा आहे, संस्कृती नाही, आणि यात लाजण्यासारखं काही नाही, बहुतेक ठिकाणी असंच आहे. सकाळी अकराला ग्रुपवर मेसेज येतो 'तात्काळ, दुपारी दोनपर्यंत, विहित नमुन्यात', आपण मागच्या महिन्याची शीट उघडतो, दोनचार आकडे इकडेतिकडे करतो आणि पाठवतो. तो आकडा पुढे कुठे जातो, कोण वाचतं, त्यावरून काय ठरतं, हे पाठवणाऱ्याला पेन्शन लागेपर्यंत कळत नाही.

२. सरकारी ऑफिसात नवीन कल्पना म्हणजे काय? ॲप काढायचं का?

ॲप काढलंच पाहिजे असं नाही, आणि खरं सांगायचं तर मला आता नवीन ॲपचं नाव काढलं की धास्तीच वाटते. कामाची पद्धत अशी बदलायची की लोकांचा फेरा, वेळ किंवा जीव वाचला पाहिजे, आणि तो वाचला हे दाखवता आलं पाहिजे. बदल केवढाही छोटा असू दे. उदाहरणं ३, ४ आणि ५ मध्ये आहेत.

३. पण डेटाचा आणि नवीन कल्पनेचा संबंध काय? कल्पना तर डोक्यातून येते. एखादं खरं उदाहरण द्या ना.

गडचिरोलीचं देतो, त्याच्याइतकं चांगलं मला दुसरं माहीत नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगाव बाळांचे जन्म आणि मृत्यू नीट मोजायला घेतले. नीट म्हणजे दवाखान्यात आलेलेच नाही, घरात जन्मून घरातच गेलेली बाळं सुद्धा, ज्यांची कुठल्याच रजिस्टरला नोंद नसते. मोजल्यावर दिसलं की गेलेल्या बाळांचा मोठा हिस्सा पहिल्या २८ दिवसांतलाच आहे. आता ही माहिती नसती तर उपाय काय सुचला असता? अजून एक दवाखाना बांधा, अजून एक डॉक्टर द्या. पण त्या पहिल्या दिवसांत बाळ-बाळंतीण घराबाहेरच पडत नाहीत, मग दवाखाना कितीही चांगला असला तरी उपयोग काय. म्हणजे उपचार घरी गेला पाहिजे. इथून गावातल्याच बाईला शिकवायची कल्पना आली, तिला नाव दिलं आरोग्यदूत. तिने बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास बघायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर इंजेक्शन सुद्धा द्यायचं.

आणि मला यात सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. त्यांनी ३९ गावांत हे केलं आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तुलनेची गावं ठेवली नसती तर कोणीही म्हणालं असतं की मृत्यू तसेही कमी होतच होते, रस्ते झाले, लोक शिकले. २०११ मध्ये भारत सरकारने आशाताईंमार्फत नवजात बाळाला घरी भेटी द्यायचा कार्यक्रम देशभर घेतला, त्याचं मूळ हे. आज तुमच्या गावची आशा बाळंतिणीच्या घरी काटा घेऊन जाते ना, ते यातूनच आलंय.

तेव्हा कल्पना डोक्यातूनच येते, कबूल, पण डोकं कुठल्या दिशेला लावायचं ते मोजल्यावर कळलं.

४. ते संस्थेचं झालं. सरकारी यंत्रणेला कुठे एवढी मोकळीक असते? एखाद्या महापालिकेचं वगैरे सांगा.

मुंबई, २०२०. कोविड सुरू झाला तेव्हा बेडसाठी सगळं शहर एकाच मध्यवर्ती हेल्पलाइनवर तुटून पडलेलं, आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात आला की माणूस घाबरून स्वतःच हॉस्पिटलं शोधत फिरायचा, ज्याला गरज नाही तो बेड अडवून बसायचा आणि ज्याला गरज आहे तो रिक्षात. मग महापालिकेने जूनपासून २४ वॉर्डांत २४ वॉर रूम केल्या आणि लॅबचे पॉझिटिव्ह रिपोर्ट आधी महापालिकेकडे यायला लागले. ते वॉर्डाप्रमाणे वेगळे करून त्या त्या वॉर रूमला, आणि तिथून डॉक्टर पेशंटला फोन करणार, लक्षणं विचारणार, घरी राहायचं की बेड ते ठरवणार.

यात नवीन डेटा एक तरी गोळा केला का? नाही. रिपोर्ट तेच. फक्त रिपोर्ट कोणाकडे आधी जाणार आणि निर्णय कोण घेणार हे बदललं. वॉर्डातल्या डॉक्टरला वॉर्डाचा आकडा आणि बेड द्यायचा अधिकार दोन्ही एकत्र मिळाले. नुसता आकडा मिळाला असता आणि बेडसाठी परत हेड ऑफिसला विचारा असं असतं तर काही झालं नसतं. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, सुप्रीम कोर्टाने पण मुंबईच्या कामाचं नाव घेऊन त्यातून शिका असं म्हटलं होतं.

५. सुरुवात कुठून करू? आमच्याकडे बजेट नाही, सॉफ्टवेअर नाही, कॉम्प्युटर आहे तो पण आस्थापनेच्या टेबलवर.

एका प्रश्नापासून. आकड्यापासून नाही, प्रश्नापासून. रोज तुम्हाला टोचणारा एक प्रश्न घ्या आणि त्याच्यापुरतंच मोजा.

आमच्या तालुक्यातली गोष्ट सांगतो. एका आरोग्य उपकेंद्राचं लसीकरण कायम मागे, आढावा बैठकीत दर महिन्याला सिस्टरना उभं करायचं, त्या खाली मान घालून 'पुढच्या महिन्यात करते सर' म्हणायच्या आणि पुढच्या महिन्यात परत तेच. एकदा मी सहज त्यांचं सत्राचं रजिस्टर घेऊन बसलो आणि कुठलं बाळ कुठल्या तारखेला आलं नाही ते वहीच्या मागच्या पानावर वाराप्रमाणे मांडत गेलो. तीन गावांचं सत्र एकाच वारी, आणि गळती जवळपास सगळी त्या तिघांत. शेजारी शिपाई मामा चहाचे कप गोळा करत होते, ते वाकून बघून म्हणाले, 'साहेब, त्या दिवशी तर बाजार असतो.' झालं. आठवडी बाजार. सगळ्या आया भाजी विकायला नाहीतर घ्यायला बाजारात, आणि सिस्टर अंगणवाडीत लसीचा डबा घेऊन वाट बघत बसलेल्या.

वार बदलायला सुद्धा दोन महिने गेले, कारण लस वाटपाच्या गाडीचा रूट ठरलेला होता. पण बदलला. आधी तिघांपैकी दोनच गावांचा बदलला, तिसऱ्याचा तसाच ठेवला, मुद्दाम नाही हां, गाडी जमत नव्हती म्हणून. पण त्यामुळेच स्पष्ट दिसलं, दोन गावं सुधारली आणि तिसरं होतं तिथेच. मग तिसऱ्यासाठी गाडी पण जमली!

खर्च शून्य. सॉफ्टवेअर म्हणजे वहीचं मागचं पान.

६. आमच्या साहेबांनी भारी डॅशबोर्ड बनवून घेतलाय, लाल-हिरवा-पिवळा, व्हीसीला (व्हिडिओ कॉन्फरन्सला) मोठ्या स्क्रीनवर लावतात. तरी काही बदलत नाही. का?

कारण बहुतेक व्हीसीत डॅशबोर्ड हा फक्त कोणाला झापायचं हे ठरवायला असतो. लाल दिसलं की 'कोण आहे रे तिथे, अनम्यूट करा', दोन मिनिटं बोलणी, पुढचा तालुका.

अमेरिकेत बाल्टिमोर नावाचं शहर आहे, तिथे २००० साली मेयर मार्टिन ओ'मॅली यांनी 'सिटीस्टॅट' नावाची पद्धत चालू केली. प्रत्येक खात्याची दर दोन आठवड्यांनी बैठक, समोर आकडे, सुरुवातीला विषय पण कसले साधे, ओव्हरटाइम किती, गैरहजेरी किती, खड्ड्याची तक्रार आल्यापासून बुजेपर्यंत किती तास. जगभरचे लोक ते बघायला गेले आणि बरेच जण येताना फक्त स्क्रीन घेऊन आले. तिथे खरं काम होतं ते दोन बैठकींच्या मधे, मागच्या वेळी काय ठरलं त्याचा पाठपुरावा, आणि निर्णय घेऊ शकणारी सगळी माणसं एकाच खोलीत, म्हणजे 'हे वित्त विभागाकडे पेंडिंग आहे' म्हटलं की वित्तवाला समोरच बसलेला.

तुमच्या व्हीसीत एक प्रयोग करून बघा, लाल रकान्याला 'का झालं नाही' ऐवजी 'तुम्हाला काय अडतंय आणि ते माझ्याकडून सुटण्यासारखं आहे का' असं विचारायचं. पहिल्या दोन बैठकांना कोणी बोलणार नाही. तिसऱ्यापासून बोलतात.

७. खाली लोक सरळ खोटे आकडे भरतात. त्यांना वठणीवर कसं आणायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि नेहमी वरच्या खुर्चीतून येतो. उत्तर आवडणार नाही. खोटा आकडा भरायला माणूस आपणच शिकवतो.

एका उपकेंद्रात मी बसलो होतो, नर्सबाईंकडे दोन वह्या. एक टेबलावर, ब्राऊन कव्हर घातलेली, लाल-निळ्या पेनाने आखलेली, टोटल बरोबर, सगळं छान. दुसरी पर्समध्ये, कुठल्यातरी जुन्या वर्षाची एलआयसीची डायरी, रबर लावलेली. त्यात काय होतं? 'माहेरी गेली, परत आषाढात'. 'सासू नको म्हणते, जाऊबाईशी बोलायचं'. 'एचबी कमी, गोळ्या घेत नाही, फेकते'. नावासमोर फुल्या, बाणाच्या खुणा, नवऱ्याचा मोबाइल नंबर. मी म्हटलं ही डायरी द्या ना बघायला, तर त्यांनी ती पटकन मिटून पर्समध्ये टाकली. टेबलावरची वही साहेबांसाठी, पर्समधली कामासाठी. मला आयुष्यात बघायला मिळालेला सगळ्यात चांगला डेटा त्या डायरीत होता आणि तो जिल्ह्याला कधीही गेला नाही, कारण त्यातली एक जरी ओळ वर गेली असती तर बाईंनाच विचारलं असतं, गोळ्या घेत नाही म्हणजे तुम्ही काय करत होता?

हे फक्त एका बाईंचं नाही. २००१ मध्ये डॉ. बंग आणि १३ संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल काढला होता, महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर, त्यात दाखवलं होतं की सरकारी नोंदीत बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी दिसतात. केवढा गदारोळ झाला तेव्हा, सरकारला मूल्यमापन समिती नेमावी लागली. आणि परदेशातही तेच आहे हां, आपल्याकडची माणसं वाईट असं समजू नका. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९४ पासून 'कॉम्पस्टॅट' आणलं, आकड्यांवर ठाणेदारांना धारेवर धरायचं, गुन्हे खूप कमी झाले, पण पुढे तक्रारी यायला लागल्या की ठाण्यात मोठे गुन्हे किरकोळ म्हणून लिहून घेतात, त्याची चौकशी करायला पण शेवटी समिती बसली. डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे १९७० च्या दशकातच मांडून ठेवलंय, एखाद्या आकड्यावर जेवढे मोठे निर्णय अवलंबून ठेवाल तेवढा तो आकडा बिघडत जाणार.

मग करायचं काय? तीन गोष्टी, मी बघितलेल्या. एक, खराब आकडा स्वतःहून सांगणाऱ्याला त्या बैठकीत नोटीस द्यायची नाही, हे साहेबांनी तोंडाने नाही तर वागून दाखवायचं, आणि एकदा तरी सगळ्यांसमोर. दोन, थोड्या नोंदी अधूनमधून प्रत्यक्ष जाऊन बघायच्या, पण चोर पकडायला नाही तर आकडा किती विश्वासाचा आहे हे कळायला. तीन, आकडा अचानक वाढला तर आधी विचार करायचा की काम बिघडलं की मोजणं सुधारलं. बालकांची वजनं मनापासून करायला घेतली की कुपोषण पहिल्या काही महिन्यांत कागदावर वाढतंच, आणि तेव्हाच सेविकेला झापलं तर पुढच्या महिन्यात ते परत कमी. कागदावर.

८. मी खालच्या खुर्चीत आहे. खरा आकडा दिला तर मलाच कारणे दाखवा नोटीस येते. मी एकट्याने काय करू?

एकट्याने हुतात्मा होऊ नका. आकड्याबरोबर कारण आणि मागणी एकाच कागदावर द्या. 'साध्य ५४ टक्के' असं नुसतं पाठवलं की ते तुमचं अपयश दिसतं. 'साध्य ५४ टक्के, दोन गावांत सत्राच्या दिवशी बाजार, वार बदलून मिळावा' असं लिहिलं की चेंडू वरच्या टेबलवर. शेऱ्याचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, तिथेच तर सगळी गंमत आहे. आवक नंबर घेऊन ठेवा. बाकी ७ मध्ये लिहिलंय ते साहेबांना वाचायला देता आलं तर बघा, माझं नाव सांगितलं तरी चालेल.

९. एकच माहिती पाच ठिकाणी भरावी लागते, रजिस्टर, ॲप, दुसरं ॲप, गुगल शीट, वर व्हॉट्सॲपला फोटो. भरायचं की काम करायचं?

बरोबर आहे तुमचं आणि याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. २०२१ मध्ये आपल्याकडच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करायचं आंदोलन केलं होतं आठवतंय? फोन तापतात, हँग होतात, ॲपमध्ये मराठी नाही, असं त्यांचं म्हणणं. बातम्यांत ते 'तंत्रज्ञानाला विरोध' असं आलं काही ठिकाणी. विरोध कसला, ज्या बाईने रोज तीसचाळीस पोरांची माहिती भरायची तिला एकदा विचारून ॲप बनवलं असतं तर ही वेळ आली नसती.

तालुका पातळीवर जमण्यासारखं एवढंच की वर्षातून एकदा बसून सगळ्या प्रपत्रांची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा, हे कोण वाचतं आणि त्यावरून काय ठरतं. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही आणि ज्याचं कुठलं शासन निर्णयाचं बंधन नाही, ते बंद करायचा प्रस्ताव द्या. आम्ही हे केलं तेव्हा एक मासिक प्रपत्र असं निघालं की ज्या योजनेसाठी ते होतं ती योजनाच बंद झालेली, आणि आम्ही आपले इमानदारीत दर महिन्याला 'निरंक' पाठवतोय.

आणि दुसरं, भरलेलं खाली परत गेलं पाहिजे. सेविकेला महिन्याच्या शेवटी तिच्याच गावाचं एक पान मिळू दे, कुठली पाच पोरं घसरतायत त्यांची नावं. तिने भरलेल्या माहितीचा तिला उपयोग झाला की भरणं आपोआप सुधारतं, हे मी दोन ठिकाणी बघितलंय.

१०. आमचा डेटा फार घाण आहे. आधी साफ करू की वापरायला लागू?

वापरायला लागा, वापरल्याशिवाय साफ होतच नाही. सातबाऱ्याचं बघा ना. रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घेतलं तेव्हा चुका राहिल्या, नाव चुकलं, क्षेत्र चुकलं, मग २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं, संगणकावरचा सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि लोकांनी तिथल्या तिथे सांगायचं, 'अण्णा वारून दहा वर्षं झाली, अजून त्यांचंच नाव कसं?' मला ही डेटा तपासायची जगातली सगळ्यात झकास पद्धत वाटते, खरंच. पुढच्या वर्षी १ मे पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला.

ई-पीक पाहणीचंही तसंच, १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानेच बांधावर उभं राहून फोटो काढून पीक नोंदवायचं. आधी तलाठी भाऊसाहेबांनी एकट्याने सगळ्या सज्जाची, म्हणजे त्यांच्याकडच्या सगळ्या गावांची, पाहणी करायची, ते कसं व्हायचं ते सगळ्यांना माहीत आहे. आता सर्व्हर चालत नाही ही तक्रार प्रत्येक हंगामात असते आणि ती खरी असते, पण ज्याचं पीक त्याच्या हातात नोंद, ही कल्पना मात्र पक्की आहे.

११. रँकिंग लावलं की लोक कामाला लागतात, आम्ही बघितलंय. मग तुम्ही रँकिंगच्या विरोधात का?

विरोधात नाही. कशाचं रँकिंग यावर आहे. जानेवारी २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हा कार्यक्रम आला, देशातले ११२ जिल्हे, आपले गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आणि ४९ निर्देशांक. त्यात एक शहाणपणाची गोष्ट केली, दर महिन्याचा नंबर हा तुम्ही कुठे आहात यावर नाही तर मागच्यापेक्षा किती पुढे सरकलात यावर. नंदुरबारची तुलना पुण्याशी केली तर नंदुरबारवाल्याने प्रयत्नच सोडावेत. शिवाय जिल्ह्यांनी भरलेले आकडे पडताळायला बाहेरच्या संस्थांकडून घरोघर सर्व्हे पण ठेवले होते.

रँकिंगला बक्षीस, बढती किंवा बदली जोडली की काय होतं ते ७ मध्ये आलंय.

१२. साहेबांची बदली झाली की सगळं बंद पडतं. यावर उपाय?

पूर्ण उपाय नाही. पण जे साहेबांच्या लॅपटॉपमध्ये आहे ते साहेबांबरोबर जातं आणि जे क्लार्कच्या रोजच्या कामात बसलंय ते राहतं. आमचा लसीकरणाचा बदललेला वार अजून तसाच आहे, मधे किती बीडीओ (गटविकास अधिकारी) आणि किती टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) येऊन गेले. का टिकला? कारण तो वार्षिक कृती आराखड्यात छापला गेला, त्याला कोणी 'उपक्रम' असं नाव दिलं नाही, आणि उद्घाटन झालं नाही. ज्याचं उद्घाटन होतं ते पुढचा साहेब बंद करतोच, कारण त्याला स्वतःचं काढायचं असतं.

१३. प्रयोग फसला तर ऑडिट पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणात आक्षेप, लागेल ना? मग कोण कशाला नवीन काही करेल?

ही भीती खरी आहे. ऑडिट पैसे कुठे गेले ते बघतं, तेव्हा पहिला प्रयोग शक्यतो बिनपैशाचा करा, वार, वेळ, क्रम, जागा, फॉर्म, यातलंच काहीतरी बदला. पैसे लागणारच असतील तर आधीच टिप्पणीत लिहून मान्यता घ्या की हे इतक्या गावांत, इतक्या महिन्यांसाठी, अमुक आकडा सुधारला नाही तर बंद. बंद करायची अट आधी लिहिलेली असली की बंद केलं तेव्हा ते ठरल्याप्रमाणे होतं, फसलं असं होत नाही. मागाहून कारण शोधत बसलात तर मात्र पॅरा नक्की.

१४. आकडे लोकांसमोर ठेवायचे का? आणि गोपनीयतेचं काय?

माहिती अधिकार कायदा २००५ चा, त्याच्या कलम ४ ची १७ बाबींची माहिती तर कोणी न मागता जाहीर करायचीच आहे. केंद्र सरकारचं डेटा खुला करायचं धोरण २०१२ पासून आहे. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, त्यात कुठली सेवा किती दिवसांत ते बोर्डावर लावायचंय. म्हणजे कायद्याची अडचण नाही, सवयीची आहे.

गोपनीयता मात्र हलक्यात घेऊ नका. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये आलाय. तालुक्याचा, गावाचा एकूण आकडा जाहीर, माणसाची ओळख नाही, एवढं धरून चाला. इथे एक खोच आहे, ती १५ मध्ये. आणि लाभार्थ्यांच्या आधार नंबरची एक्सेल शीट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं आज बंद करा, आज म्हणजे आज.

१५. आमचं गाव छोटं आहे, अंगणवाडीत ११ पोरं. एक पोर घसरलं की ९ टक्के, दोन घसरली की १८, आणि वर सांगतात कुपोषण दुप्पट झालं! काय करायचं?

११ पोरांची टक्केवारी काढायचीच नाही. नावं बघायची. टक्केवारी ही जिथे सगळी नावं डोक्यात मावत नाहीत तिथे वापरायची गोष्ट आहे. छोट्या गावांचा आकडा द्यावाच लागला तर वर्षभराचा एकत्र द्या किंवा पाचसहा गावं मिळून द्या.

आणि १४ मधली खोच ही, की छोट्या गावात संख्या पण नाव सांगून जाते. एखाद्या आजाराच्या रकान्यात गावापुढे '१' लिहून बोर्डावर लावलंत तर संध्याकाळपर्यंत गावाला ते घर कळतं. अशा ठिकाणी गावाचा आकडा जाहीर करायचा नाही, आरोग्य केंद्राचा एकत्र करायचा.

१६. डेटा एक सांगतो आणि वीस वर्षं काम केलेली सिस्टर दुसरं सांगते. कोणाचं ऐकायचं?

आधी दोघांना एकमेकांसमोर बसवायचं. बऱ्याचदा सिस्टरचं बरोबर निघतं कारण आकडा सहा महिने जुना असतो किंवा रकान्याची व्याख्याच वेगळी असते. कधीकधी आकड्याचं बरोबर निघतं, कारण माणसाला जवळची आणि ताजी गोष्ट मोठी दिसते. शिपाई मामांना बाजाराचा वार माहीत होता पण लसीकरण मागे आहे हे माहीत नव्हतं, मला मागे आहे हे माहीत होतं पण बाजार लक्षात आला नाही.

१७. एआय आणलं तर हे सगळं सोपं होईल का?

टेबलावरच्या वहीवर एआय लावलं तर टेबलावरच्या वहीसारखीच उत्तरं मिळणार. डायरीचं ७ मध्ये वाचा.

१८. शेवटचा बारीक प्रश्न: रकाना रिकामा ठेवायचा, शून्य लिहायचं की 'निरंक'? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

बारीक नाही, यावरून मी लोकांशी भांडलोय. मोजलं आणि काही सापडलं नाही तर शून्य. तो प्रश्न तुमच्याकडे लागूच होत नसेल, म्हणजे तुमच्या गावात आश्रमशाळाच नाही आणि प्रपत्र आश्रमशाळेचं आहे, तर 'लागू नाही'. आणि मोजलंच नसेल तर सरळ 'मोजले नाही' असं लिहायचं, तारखेसकट. 'निरंक' हा शब्द तिन्हीसाठी वापरतात म्हणून मी तो आमच्या शीटमधून काढून टाकला होता, ड्रॉपडाउनमध्ये हे तीनच पर्याय ठेवले. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी शून्यच निवडलं. दुसऱ्या महिन्यात एका ग्रामसेवकाने पहिल्यांदा 'मोजले नाही' निवडलं आणि वर मला फोन करून विचारलं, चालेल ना साहेब? म्हटलं चालेल, कधी मोजाल ते सांगा फक्त. सोमवार म्हणाले.